डोंगरावरचे दोन कप

डोंगराच्या सान्निध्यात माणसाला आपलं क्षुद्रपण कळतं, असं थोरामोठ्यांनी लिहून ठेवलेलं आहे. मी महाविद्यालयात ग्रंथपाल होते. अशी पुस्तकं मी कपाटात लावली, झटकली आणि अधूनमधून वाचलीही, त्यामुळे या वाक्यावर माझा विश्वास होता. आमच्या डोंगराला मात्र ते लागू पडलं नाही. तो पालमच्या पुढे आहे. बालाघाटचे डोंगर परभणी जिल्ह्यात शिरेपर्यंत दमलेले असतात. आमच्यापाशी येऊन ते शेवटी आडवे होतात. पायथ्याशी उभं राहिलं तर माथ्यावरच्या शेळीचा रंग चष्म्याशिवाय दिसतो. एसटीला चढताना गिअर बदलावा लागत नाही. आसपासच्या गावांत त्याला माळ म्हणतात. डोंगर म्हणणारा तालुक्यात एकच माणूस आहे आणि माझं लग्न त्याच्याशी झालेलं आहे.

आमचे हे भूगोल शिकवायचे. आयुष्यभर त्यांनी फळ्यावर निळ्या खडूने हिमालय काढला आणि तास संपल्यावर पुसला. प्रत्यक्ष बघायला एकदाच निघाले होते, पण हरिद्वारला पोट बिघडलं आणि धर्मशाळेतूनच परत आले. तेव्हापासून त्यांना डोंगराची ओढ लागलेली होती, आणि राहायला होते परभणीत, जिथं सायकलला उतार लागला तर माणूस उतरून चौकशी करतो.

मला डोंगर नको होता. मला काय हवं होतं ते सांगायचं तर आधी आमच्या घराचा पत्ता सांगावा लागेल. आमचं घर बसस्थानकापासून हाकेच्या अंतरावर आहे. लग्न ठरलं तेव्हा माझ्या वडिलांना ही फार मोठी सोय वाटली होती. सोय होतीच, फक्त ती इतरांची होती. कोर्टाच्या तारखेला आलेले, दवाखान्यात आलेले, बियाणं घ्यायला आलेले, मुलीला स्थळ बघायला आलेले, असे यांच्या गावचे सगळे लोक परतीच्या बसची वाट आमच्या बैठकीत बघत. "गाडीला अवकाश हाय, म्हणलं चक्कर टाकावी" असं म्हणून माणूस टेकायचा, आणि मी आत जाऊन गॅस पेटवायची. गाडी चुकली तर दुसरा चहा. माझ्या हाताखालून हजारो पुस्तकं गेली, पण यांच्या नातलगांत माझा लौकिक आल्याच्या चहाचा.

तेव्हा निवृत्त झाल्यावर मी यांना म्हटलं, "मला एक अशी जागा पाहिजे जिथं कुणी बसची वाट बघत नसेल."

"म्हणजे डोंगर," हे म्हणाले.

त्यांनी दोन महिन्यांत जागा शोधून काढली. मुरमाड, कुसळी गवताची, वर चार बोरी आणि एक निंब, उतारावर सीताफळाची झुडपं. पेरलं तर उगवत नाही म्हणून मालकाने आनंदाने विकली. मी अट घातली: एकच खोली, एकच दार, आणि सामानात दोनच कप. स्टीलचे पेले नाहीत, फुलपात्री नाहीत, वाट्यासुद्धा नाहीत, कारण आपल्याकडे चहा वाटीतही देता येतो. पाहुणा आलाच तर त्याला आमचा चहा संपेपर्यंत बघत बसावं लागेल, आणि इतका निर्लज्ज पाहुणा आमच्या घराण्यात नाही, असा माझा हिशेब होता.

पहिले काही महिने हा हिशेब बरोबर निघाला. त्या दिवसांविषयी थट्टा करायची माझी इच्छा नाही. पाऊस उघडल्यावर गवत पिवळं पडतं आणि वाऱ्याने सगळा माळ एका बाजूला झुकतो, मग दुसऱ्या. सीताफळांचे डोळे उघडायला लागतात. मी दारात चटई टाकून वाचत बसायची. हे दुर्बिणीतून क्षितिज बघायचे. क्षितिजावर पालमचा मोबाइलचा टॉवर होता, तरी बघायचे. एकदा त्यांनी मला न विचारता चहा केला. पाणी, पावडर, साखर, दूध सगळं एकदम घालून ते भूस्तरांविषयी विचार करत राहिले आणि भांडं जळालं. दुसऱ्याच्या हातचा चहा प्यायची माझी आशा मी तिथंच सोडून दिली. तेवढं सोडलं तर मी सुखी होते.

शेजार म्हणावा तर एका धनगर बाईचा. ती माझ्याच वयाची होती. मेंढरं आणि थोड्या शेळ्या घेऊन दुपारी निंबाखाली यायची. ती मला बाई म्हणायची, मी तिला बाई म्हणायची, त्यामुळे दोघींनाही फार जवळ यावं लागलं नाही. पहिल्या दिवशी काठीवर हनुवटी टेकून तिने मला बराच वेळ न्याहाळलं.

"बाई, हितं काय करायलात तुमी?"

"बसलेय."

"बसायला घर बांधावं लागतंय व्हय?" तिने खोलीकडे बघितलं. "आमी तर असंच बसतो."

मी पुस्तक मिटलं.

मग दाजी आले.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेचे यजमान. बांधकाम खात्यातून ते उपअभियंता म्हणून निवृत्त झाले, पण खात्याने त्यांना सोडलं तरी त्यांनी बांधकाम सोडलेलं नाही. त्यांच्या गाडीच्या डिकीत कायम एक नारळ, हळदीकुंकवाची डबी, उदबत्तीचा पुडा आणि लाल गोंडा बांधलेली एक कुदळ असते. ही कुदळ आजवर जमिनीत बोटभरापेक्षा खोल गेलेली नाही. ती फक्त भूमिपूजनाची आहे. दाजींना रस्त्याने जाताना मोकळी जागा दिसली की ते गाडी हळू करतात.

त्यांनी आमच्या खोलीला एक प्रदक्षिणा घातली. "वहिनी, ही तर रेल्वे फाटकावरची चौकी झाली. एवढा डोंगर आन् व्हरांडा नाही? मग व्ह्यू बघायचा कुठून?"

"दारातून दिसतो," मी म्हटलं.

"दारातून दिसतो तो उजेड. व्ह्यू व्हरांड्यातून असतो."

यांचा चेहरा मी पाहिला. हरिद्वारला जे राहून गेलं होतं ते त्या चेहऱ्यावर होतं. कुदळ डिकीतून बाहेर आली. पालमहून गुरुजी आले, त्यांनी पृथ्वीची क्षमा मागितली, पृथ्वीला दाजी ओळखीचे असावेत, आणि सूर्यास्त दिसावा म्हणून पश्चिमेकडे तोंड करून लांबलचक व्हरांडा बांधला गेला. त्यावर संगमरवरी पाटी लागली. त्या पाटीवर आमच्या डोंगराला 'हिमशिखर' असं नाव मिळालं. पालम तालुक्यात हिम फक्त कुल्फीवाल्याच्या डब्यात असतं, हे मी बोलून दाखवलं. दाजी म्हणाले की नावात भावना बघायची असते.

पश्चिमेचा व्हरांडा परभणी जिल्ह्यात कोणीही बांधत नाही. आपल्याकडे सूर्य मावळताना बघायची गोष्ट नसून तो मावळला म्हणून सुटकेचा श्वास टाकायची गोष्ट आहे. मार्चपासून दुपारी त्या फरशीवर पाय ठेवता येईना. भिंत रात्री जेवणानंतरही तव्यासारखी लागायची. पण कुठलीही जागा वाया जाऊ द्यायची नाही हा अक्कांचा, म्हणजे माझ्या नणंदेचा, स्वभाव. त्यांनी तो व्हरांडा एकदा पाहिला आणि पुढच्या आठवड्यात ज्वारीच्या पापडांचं पीठ, कुरडयांचा चीक, सोऱ्या, आणि हाताखाली चार बायका घेऊन आल्या.

"अगं, काय वाळतंय इथं," त्या कौतुकाने म्हणाल्या. "परभणीत दोन दिवस लागतात. इथं वळून बघेपर्यंत पापड कडक. आमच्या यांनी बांधलंय मात्र छान."

अशा रीतीने सूर्यास्तासाठी बांधलेला व्हरांडा वाळवणाला कामी आला. बायकांना संध्याकाळची बस मिळेना म्हणून मुक्कामाला एक खोली लागली. खोलीत मुक्काम म्हटल्यावर संडास-बाथरूम लागलं. त्याला पाणी लागलं, पाण्याला टाकी लागली, आणि टाकी उंचावर पाहिजे म्हणून चार खांबांवर उभी केली. आता आमच्या डोंगराचं सर्वोच्च शिखर ती टाकी झाली. प्रत्येक वेळी गुरुजी आले, कुदळ आली, पाटी आली. टाकीलासुद्धा पाटी आहे. पाहुणे वाचतात.

पाहुणे म्हणजे आता सगळेच. अक्कांनी परभणीत सांगितलं होतं की भावाने थंड हवेच्या ठिकाणी बंगला बांधलाय. एक चुलत सासरे ऐन एप्रिलमध्ये स्वेटर घेऊन आले. त्यांनी तो घडी करून उशाला घेतला आणि सकाळी म्हणाले, "रात्री जराशी शिरशिरी जाणवली." डोंगर आहे म्हटल्यावर माणूस शिरशिरी जाणवून घेतो. आणि पाहुण्यांना कप पुरत नाहीत हे पाहून अक्कांनी एकदा कपांचं भलं मोठं खोकंच आणलं, निळ्या फुलांचे कप, बशांसकट. मी ते व्हरांड्यातल्या कपाटात ठेवलं. माझे जुने दोन कप मात्र मी उचलून पिशवीत टाकले. का, ते मलाही तेव्हा नीट सांगता आलं नसतं.

आणखी एक चूक झाली, आणि ती आपल्याच भागात होऊ शकते. मार्गशीर्षातल्या अमावस्येला, येळवसला, यांना वाटलं की आता जागा आहे तर येळवस करावी.

येळवसला शेतात कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप करतात, तिच्यात पाच दगड चुना लावून मांडतात, ते पांडव. त्यांची पूजा करायची, भज्जी, आंबील, उंडे, खीर असं रांधून नेलेलं खायचं, आणि वाटेने जो कोणी जात असेल त्याला हाक मारून जेवू घालायचं. ज्याला शेत नाही तो दुसऱ्याच्या शेतात जेवतो. या नियमात काही वाईट नाही. पण नियम केला तेव्हा तो सपाट शेतासाठी केला होता. आमचं घर माळाच्या माथ्यावर, खाली रस्ता, रस्त्यावर एसटी. वाटेने जाणाऱ्याला हाक मारायची तर वाट म्हणजे सगळा रस्ता. यांनी हाक मारली. एसटी थांबली. कंडक्टर, ड्रायव्हर आणि अर्धी गाडी वर आली, आंबील प्यायली, टाकीवरची पाटी वाचली आणि तृप्त होऊन गेली. दुसऱ्या दिवसापासून ती गाडी आमच्या पायथ्याशी आपोआप थांबायला लागली. थांब्याला लोकांनी नाव दिलं, बंगला.

थांबा झाला म्हटल्यावर लोक गाडीची वाट बघायला लागले. आणि आसपास सावली म्हणाल तर आमचा व्हरांडा.

"गाडीला अवकाश हाय बाई," एक म्हातारे गृहस्थ पायरीवर टेकत म्हणाले, "म्हणलं जरा चक्कर टाकावी."

मी आत गेले आणि गॅस पेटवला. हात आपोआप आल्याच्या तुकड्याकडे गेला. त्या वेळी मला डोंगराच्या सान्निध्यात क्षुद्रपण कळतं म्हणजे काय ते पहिल्यांदा समजलं.

मला वाचवलं ते कोपेने. येळवसची कोप एरवी गुडघ्याएवढी असते, पण आमची दाजींच्या देखरेखीखाली झाली होती. त्यांनी खालच्या शेतातून बैलगाडीभर कडबा आणवला आणि माणूस आत बसू शकेल अशी कोप उभी केली. पांडवही मोठे निवडले, बुडाला सपाट, प्रत्येकाला उचलायला दोन गडी. "करायचं तर ढंगात," ते म्हणाले. आयुष्यभर त्यांनी प्रत्येक गोष्ट गरजेपेक्षा मोठी केली आणि पहिल्यांदा त्याचा मला उपयोग झाला. कोप घराच्या मागच्या अंगाला होती. तिचं तोंड रस्त्याच्या उलट दिशेला. येळवस झाली, पांडव मी गड्यांकरवी कोपेबाहेर ओळीने मांडून घेतले आणि आत चटई, पुस्तक आणि पिशवीतले दोन कप घेऊन राहायला लागले. कडब्यातून ऊन चाळून येतं. वारा आला की भिंती कुजबुजतात. आत दुसरा माणूस मावत नाही. पुढे व्हरांड्यात गाडीची वाट बघणाऱ्यांना हे भूगोल सांगायचे, त्यामुळे काहींनी पायी जाणं पसंत केलं.

धनगर बाईने वाकून आत बघितलं. "आता कसं घर वाटायलंय," ती म्हणाली. तिच्या मेंढ्या कडब्याकडे बघत होत्या. तिने काठी आडवी धरली. "हात लावायचा न्हाई रे. बाईची भिंत हाय ती."

मग एका सकाळी मी वाचत असताना बाहेर काहीतरी फुटलं. बघते तर पांडवांपुढे नारळ. एक माणूस डोळे मिटून उभा होता. मी आतून खाकरले. त्याने डोळे न उघडता आणखी वाकून नमस्कार केला.

पांढरे दगड, ओळीने, माळावर, आणि मागे एक कोप जिच्यातून आवाज येतो. यात माणसाचा दोष नाही. गाडीतून लोक खिडकीशी माळाच्या दिशेने हात जोडायला लागले. कंडक्टर अर्धं मिनिट जास्त थांबायचा. कुणीतरी हिरवा चुडा वाहिला. कुणीतरी शेंदूर लावला, तोही सगळ्यांत थोराड दगडालाच, त्यामुळे तो भीम ठरला. यांना मी सांगितलं की हे थांबवा. ते म्हणाले, "जगातल्या प्रत्येक महत्त्वाच्या डोंगरावर देवस्थान आहे." त्यांचा आवाज हळवा झाला होता. आपला डोंगर शेवटी नकाशावर येतोय असं त्यांना वाटायला लागलं होतं.

दाजींना तर काही सांगावंच लागलं नाही. त्यांनी देव पाहिला, मोकळी जागा पाहिली, आणि गाडी हळू केली.

"सभामंडप," ते म्हणाले.

आमच्याकडे देव लहान असला तरी चालतो, सभामंडप मोठा लागतो. त्याच्या खांबांवर देणाऱ्याचं नाव असतं, आणि ते देवाच्या आधी दिसतं. पालमकडचे एक पुढारी दाजींच्या ओळखीचे होते. ते पूर्वी कशाचे तरी सभापती होते आणि पुढे कशाचे तरी होणार होते. मधल्या काळात ते सभामंडप देत. दाजींनी त्यांच्याकडे शब्द टाकला आणि त्यांनी भूमिपूजनाची तारीख दिली. मंडपाच्या पायासाठी फोडून घ्यायला दाजींनी माळावरचे सुटे दगड वेचून ट्रॉलीने खाली रस्त्याकडेला नेऊन रचले. माळ असा स्वच्छ झाला की ठेच लागायलाही काही उरलं नाही.

"आणि कोप?" मी विचारलं.

"ती जाईल. तिथं गाभारा येतो." दाजींनी हातानेच हवेत गाभारा दाखवला. "वहिनी, तुमाला मी बाकडं करून देतो की सिमेंटची. भाविकांना पण होतील. आन् एका बाजूला चहाची टपरी काढू. पुण्याचं काम आहे."

"टपरीवर कोण बसेल?"

"घरचंच कुणीतरी," दाजी म्हणाले, आणि माझ्याकडे अत्यंत प्रेमाने बघितलं.

भूमिपूजनाच्या आदल्या दुपारी मी कोपेत बसले होते. पुस्तक उघडं होतं, पण एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत होते. धनगर बाई निंबाखाली टेकली होती. फाल्गुन सुरू झाला होता आणि माळावर गवताची काडी राहिली नव्हती. मेंढ्या मातीला तोंड लावून पुढे सरकत होत्या.

"बाई, आज तोंड का पडलंय?"

"उद्या इथं मंडप सुरू होतोय. कोप काढणार."

"आन् कडबा?"

"टाकून देतील."

तिला मंडपाचं काही वाटलं नाही. कडबा टाकून देतील याचं वाटलं. ती उठून उभी राहिली. "टाकून? फाल्गुनात कडबा टाकून देनारा मानूस हाय कोन? त्यान्ला कुनी काई म्हनत न्हाई का घरात?"

मी कोपेतून बाहेर आले. चटई गुंडाळली, पुस्तक आणि कप घेतले, आणि म्हटलं, "बाई, तुमची मेंढरं सोडा."

"आत्ता?"

"आत्ता."

तिने काठी खाली केली. पुढचं फार वेळ चाललं नाही. आमची कोप मेंढ्यांनी पानापानाने खाल्ली. शेळ्यांनी छपरापासून सुरुवात केली, त्यांना उंचीची आवड असते. कडब्याचा करकर आवाज माळभर येत होता. हे व्हरांड्यातून मागे आले, बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि इतक्या वर्षांच्या संसारात क्वचित येतं तसं शहाणपण त्यांना आलं. ते परत गेले. शेवटी नुसती धाटं उरली, त्यांचा एक ढीग झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती लवकर आली. हातात काळी किटली, पदराला चहाची पुडी बांधलेली, आणि एका शेळीला कानाला धरून.

"कालचा कडबा फुकट न्हाई खायचा," ती म्हणाली. "बसा. मी चा करायलेय."

मी उभीच राहिले. मला हे वाक्य कुणी म्हटल्याचं आठवत नव्हतं.

ती चुलीला दगड शोधायला लागली. इकडे गेली, तिकडे गेली. माळ साफ होता, सगळे दगड दाजींनी खाली रस्त्याला नेलेले. मग तिची नजर पांडवांवर गेली.

"ते देव आहेत," मी म्हटलं. मला वाटतं कुणीतरी म्हणायला हवं होतं.

"येळवसला हायेत की," ती म्हणाली. "बाकी वरीसभर रिकामेच बसत्यात. पुन्हा चुना लावला की झाले पांडव."

मोठे होते, पण ढकलता येत होते. दोघींनी मिळून ढकलले. तिघं चुलीला लागले. उरलेल्या दोघांवर आम्ही बसलो. एक भीम होता, तो मला आला. शेंदूर साडीला लागला, तो अजून गेलेला नाही. धाटं पेटली. शेळीचं दूध थेट किटलीत आलं. मी हात मांडीवर ठेवून बसले होते आणि माझे हात आलं शोधत होते, मी त्यांना दाबून धरलं.

तेवढ्यात खालून हॉर्न आले. तीन गाड्या. पुढाऱ्यांसोबत माणसं, माणसांसोबत हार, मागून दाजी, हातात गोंड्याची कुदळ, आणि त्यांच्या मागून गुरुजी. सगळी मंडळी घराला वळसा घालून मागे आली आणि उभी राहिली. समोर कोप नव्हती. देव नव्हते. दोन बायका दगडांवर बसलेल्या आणि मध्ये किटली.

दाजींनी एकदा ढिगाकडे बघितलं, एकदा शेळीकडे. "वहिनी," ते म्हणाले. त्यांनी कुदळ पाठीमागे नेली. त्यांच्याबाबतीत हे मी पहिल्यांदा पाहिलं.

"देव कुठंय हो?" पुढाऱ्यांनी विचारलं.

"तापलाय," धनगर बाई म्हणाली आणि धाट आत सारलं.

पुढारी वाकले. जाळात तीन दगड होते. दोघांचा चुना अर्धा काळा झाला होता. मग त्यांनी माझ्या बैठकीकडे बघितलं. मी थोडी सरकून बसले, भीम दिसावा म्हणून. ते व्यवहारी गृहस्थ होते. जळता देव आणि बसलेला देव यांच्यावर खांब उभे करून त्यावर नाव घालणं किती फायद्याचं आहे, याचा विचार त्यांच्या कपाळावर स्पष्ट दिसत होता. त्यांच्या एका माणसाने फोन काढला होता. त्यांनी त्याला हातानेच खाली घ्यायला सांगितलं.

"ही तर चूल आहे, दाजी," ते म्हणाले.

"काल देव होते, साहेब."

"पिंगळीकडच्या मंडपाचं बोलू आपण नंतर. तिथला देव हलत नाही."

तेवढ्यात हे आले आणि त्यांनी पुढाऱ्यांना सांगितलं की आपण जिथं उभे आहोत तो बालाघाटचा शेवटचा फाटा आहे, इथून पाणी दोन दिशांना वाहतं. पुढाऱ्यांनी दोन्ही दिशांना बघितलं. कुठेच पाणी नव्हतं. त्यांनी रुमालाने मान पुसली. ऊन चढलं होतं आणि हिमशिखरावर आता चांगलंच तापायला लागलं होतं. दाजी कुदळ एका हातातून दुसऱ्या हातात घेत होते; गोंडा त्यांच्या गुडघ्यावर लोंबत होता. मला त्यांची दया आली, पण उठण्याइतकी नाही.

किटलीतून वाफ यायला लागली. सगळे तिच्याकडे बघायला लागले. आपल्याकडे चहा उकळत असताना पाहुणा निघत नाही, आणि यजमानीण बसून राहत नाही. दोन्ही नियम मला पाठ होते. पुढारी तसेच उभे राहिले. गुरुजींनी धोतर सावरून बसायला जागा बघितली, दगड नव्हता.

"वाः, चहा झालेला दिसतो," पुढारी म्हणाले.

दाजींनी माझ्याकडे बघितलं. यांनी माझ्याकडे बघितलं. हार धरलेल्या माणसाने हार दुसऱ्याकडे दिला आणि हात मोकळे केले.

मी पिशवीतून कप काढले, पदराने पुसले आणि धनगर बाईपुढे ठेवले. तिने दोन्ही काठोकाठ भरले, एक मला दिला, एक स्वतः घेतला, आणि किटली उलटी करून झटकली.

"कप दोनच आहेत," मी म्हटलं.

यानंतर फार काही झालं नाही. गाड्या वळल्या. कुदळ डिकीत गेली. दाजी आठ दिवस आले नाहीत, नंतर आले आणि म्हणाले की निंबाला पार बांधला तर शोभून दिसेल. थांबा अजून आहे, गाडी अजून थांबते, पण देव हलल्याची बातमी पालमपर्यंत गेल्यापासून उतरणारे कमी झालेत. दुपारी मी मागच्या अंगाला जाऊन भीमावर बसते. भिंत नाही, छप्पर नाही, वाचताना ऊन पानावर येतं.

त्या दिवशी मी तो चहा सावकाश प्यायला घेतला. डोंगरावर, उघड्या आभाळाखाली, आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या कुणी माझ्यासाठी केलेला चहा मला प्यायला मिळाला होता. त्याला धुराचा आणि शेळीचा वास येत होता, आणि साखर घालायची राहून गेली होती. बाकीचे कप व्हरांड्यातल्या कपाटात होते. किल्ली माझ्या कमरेला होती.